नाका एक, धनी दोन

परदेशी जाणाऱ्या किंवा तेथून परतणाऱ्या आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या मनात कस्टमच्या बाकाविषयी जी भावना वसत असते, ती भीती, तिरस्कार आणि थट्टा या तिहींच्या मिश्रणाने बनलेली असते. दागिना, घड्याळ, मद्याची बाटली यांच्या बाबतीत तो भितो. अंमलदाराच्या अधिकाराचा तिरस्कार करतो. आणि कपड्यांच्या घडीत गुंडाळून ठेवलेले धनेजिरे, आंबेमोहोराची पिशवी, कॉफीचे कच्चे बी किंवा ओल्या फडक्यात बांधलेली कढीपत्त्याची डहाळी यांच्या बाबतीत मात्र त्याला हा सारा व्यवहार निव्वळ पोरखेळ वाटतो. “घरी खायला नेतोय, विकायला थोडंच?” या एका वाक्यात त्याचे सगळे सीमाशास्त्र सामावलेले असते. त्या वाक्याच्या मुळाशी असलेला सिद्धान्त असा की, सरहद्दीवरील तपासणी ही खजिन्याची वसुली होय. सबब ज्या जिन्नसाची किंमत क्षुल्लक तो जिन्नस निर्दोष, आणि जो जिन्नस विक्रीसाठी नाही त्याची चौकशी करण्याचा सरकारला नैतिक हक्कच नाही.

हा सिद्धान्त उथळ आहे, असे माझे प्रतिपादन आहे. नाक्यावरच्या त्या एकाच बाकामागे दोन निरनिराळे धनी बसलेले असतात, एक खजिन्याचा आणि दुसरा शेतीभातीचा. त्यांचे हेतू भिन्न, त्यांची मापे भिन्न, आणि त्यांच्या आज्ञा मोडल्याने होणाऱ्या अपराधाची जातही भिन्न आहे. आपली सदसद्विवेकबुद्धी मात्र या दोघांच्या बाबतीत नेमकी उलटी चालते: ज्याचे नुकसान दंडासह भरून निघण्यासारखे आहे त्याच्यापुढे आपण थरथरतो, आणि ज्याचे नुकसान पिढ्यानपिढ्या भरून निघत नाही त्याच्याकडे पाहून हसतो. या प्रतिपादनाला कॉफीइतका चांगला साक्षीदार मिळणे कठीण आहे, म्हणून मी मुख्यतः तिचीच साक्ष काढणार आहे.

१. समजुतीचा उगम

ही समजूत अज्ञानातून जितकी आली, त्याहून अधिक अनुभवातून आली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पेशवाईतील जकातीच्या चौक्या, कंपनी सरकारने मिठावरील करासाठी सिंधूपासून महानदीच्या बाजूपर्यंत उभारलेली आणि काटेरी कुंपणाने मजबूत केलेली, अखेर १८७९ साली मोडीत निघालेली अंतर्गत जकातीची सरहद्द, १९६१ पूर्वी गोव्याच्या गाडीत अलीकडे कॅसलरॉकला आणि पलीकडे कुळ्याला होणारी दुहेरी झडती, आणि मुंबईपुरते बोलावयाचे तर मुलुंड-दहिसरचे, २०१७ पर्यंत मालमोटारींच्या रांगा लावून ठेवणारे जकात नाके, या सर्वांनी आपल्याला शतकानुशतके एकच प्रश्न ऐकविला: माल किती आणि किंमत काय? ज्या नाक्यावर दुसरा प्रश्नच कधी निघाला नाही, त्या नाक्याला दुसरा हेतू असू शकतो हे समाजाच्या ध्यानात येऊ नये यात नवल नाही. जकात चुकविणे ही आपल्याकडे पापाची गोष्ट कधी समजली गेलीच नाही; ती हुशारीची गोष्ट समजली गेली, आणि जकातदाराच्या वर्तनाकडे पाहता ती समजूत सर्वस्वी निराधार होती असेही म्हणवत नाही.

परंतु अनुभवाने आलेली समजूतही अपुरी असू शकते.

२. एकच बी, दोन निकाल

जर्मनीत कॉफीवर स्वतंत्र कर आहे. भाजलेल्या कॉफीवर किलोमागे २.१९ युरो आणि पाण्यात विरघळणाऱ्या इन्स्टंट कॉफीवर किलोमागे ४.७८ युरो, असा त्याचा दर आहे. युरोपीय संघातील शेजारच्या देशातून स्वतःच्या उपयोगासाठी कोणी दहा किलोपर्यंत कॉफी आणली तर ती सामान्यतः घरगुती समजली जाते. त्यापुढे मात्र खजिन्याला शंका येऊ लागते. हा कर कच्च्या, हिरव्या बियांना लागू नाही. पोतेभर हिरवे बी या कराच्या अंमलदारासमोर ओतले, तरी त्याच्या वहीत लिहिण्यासारखे काही घडलेले नसते. तेच बी भाजले की ती नोंद करण्याजोगी वस्तू होते.

आता पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडे वळावे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे भाजलेली कॉफी प्रवाशाने कोठेही न्यावी, तिला हरकत नाही. कच्ची कॉफीसुद्धा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नेता येते. पण हवाई आणि पोर्तो रिको या दोन ठिकाणी प्रवाशाच्या सामानातून ती नेण्यास मनाई आहे. कारण उघड आहे: मुख्य भूमीवर कॉफीची लागवड जवळजवळ नाही, आणि या दोन ठिकाणी ती शेतकऱ्याची उपजीविका आहे.

तेव्हा एके ठिकाणी भाजलेले बी संशयित आणि कच्चे बी मोकळे, तर दुसऱ्या ठिकाणी कच्चे बी गुन्हेगार आणि भाजलेले बी मोकळे. नाक्याचा हेतू एकच असता, तर या दोन निकालांपैकी एक निकाल मूर्खपणाचा ठरला असता. वस्तुतः दोन्ही शहाणपणाचे आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या धन्यांचे निकाल आहेत. खजिन्याला वस्तूत मूल्य दिसावे लागते, आणि कॉफीचे मूल्य भट्टीत वाढते. शेतीच्या धन्याला वस्तूत प्राण दिसतो, आणि सुमारे दोनशे अंश उष्णतेच्या त्याच भट्टीत बियाचा अंकुर, त्यात दडलेला किडा आणि सालीला चिकटलेले बुरशीचे बीजाणू हे सगळेच मरतात. एकाचे काम जेथे सुरू होते तेथे दुसऱ्याचे संपते, इतकी ही फारकत स्वच्छ आहे.

३. खजिन्याचा अपराध कायद्याने जन्मतो आणि कायद्यानेच मरतो

प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकला आपल्या प्रजेने कॉफी पिऊन देशातला पैसा बाहेर घालवावा हे पसंत नव्हते. तिने पूर्वजांप्रमाणे बिअर प्यावी असे त्याचे १७७७ सालचे फर्मान होते. १७८१ मध्ये त्याने कॉफी भाजण्याचा हक्क सरकारकडे घेतला आणि कोणाच्या घरातून भाजणीचा वास येतो हे हुंगत रस्तोरस्ती फिरण्यासाठी निवृत्त शिपाई नेमले. या ‘कॉफीहुंग्यां’चा लोकांना इतका उबग आला की राजाच्या मागे ही व्यवस्था फार दिवस टिकली नाही. घरात कॉफी भाजणे हा काल अपराध नव्हता, आज झाला आणि उद्या पुन्हा राहिला नाही. कॉफीत मात्र या अवधीत काडीचाही बदल झालेला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच प्रयोग पुन्हा झाला. बेल्जियमच्या सरहद्दीवर, आखेनच्या परिसरात, जर्मन कॉफी-कराच्या जबर ओझ्यामुळे चोरट्या आयातीचे पेवच फुटले. गरिबीने गांजलेल्या गावांतील बाया, तरुण, शाळकरी मुले रात्री रानातून पाठीवर कॉफी वाहत असत. गोळीबार झाले, माणसे मेली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या श्मिट नावाच्या खेड्यातील चर्च पुन्हा उभारताना या धंद्यातल्या लोकांनी सढळ हाताने मदत केली, म्हणून लोकांनी त्या चर्चचे नाव ‘संत मोका’ असे पाडले. १९५३ साली सरकारने कर मोठ्या प्रमाणावर कमी केला, आणि जो चोरटा व्यापार पोलिसांना व बंदुकांना आवरला नव्हता तो आपोआप आटोपला.

आपल्या देशातील सोन्याची कथा याहून निराळी नाही. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा असेतोवर मुंबईच्या किनाऱ्याला सोन्याच्या तस्करीने एक समांतर सल्तनत निर्माण केली होती. १९९० साली तो कायदा रद्द झाला, पुढे आयात सैल झाली, आणि त्या सल्तनतीचा आर्थिक पाया खचला. २०१३ साली आयातशुल्क दहा टक्क्यांवर चढले तशी सोन्याची चोरवाट पुन्हा रुळली. जुलै २०२४ मध्ये शुल्क पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आणताना तस्करीचे आकर्षण कमी व्हावे हाही विचार त्यामागे होताच.

येथे गैरसमज नसावा. कर चुकविणे निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. जो चुकवितो त्याचा भार त्याच्या प्रामाणिक शेजाऱ्यावर पडतो. म्हणणे एवढेच की, हा अपराध शासनाच्या इच्छेने निर्माण होतो, शासनाच्या इच्छेने नाहीसा होतो, आणि झालेले नुकसान व्याजासह वसूल होऊ शकते. भारतीय बॅगेज नियमांत २०१६ साली परतणाऱ्या प्रवाशासाठी पन्नास हजार रुपयांची जी माफी ठरविली गेली, ती चाळीस का नव्हे आणि साठ का नव्हे, या प्रश्नाला निसर्गात उत्तर नाही. तो आकडा एका दफ्तरात लिहिला गेला, आणि तसल्याच दुसऱ्या दफ्तरात तो केव्हाही खोडता येतो.

४. मात्रेचा प्रश्न

शेतीच्या धन्याचा अपराध मात्र कोणत्याही संसदेला रद्द करता येत नाही. १८६९ मध्ये सिंहलद्वीपातील कॉफीच्या पानांखाली नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले. हेमिलिया वास्टाट्रिक्स हे त्या बुरशीचे शास्त्रीय नाव. मळेवाले तिला तांबेरा म्हणून ओळखतात. ही भुकटी बोटाला लागते, वाऱ्यावर उडते, कपड्याला चिकटते. पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्या बेटावरील कॉफीचे वैभव अस्ताला गेले आणि तेथे चहा आला. सिंहली चहाची कीर्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते की, हा चहा एका रोगाने रिकाम्या केलेल्या जमिनीवर उगवला आहे.

बोर नावाच्या किडीचे उदाहरण तर आपल्या अधिक जवळचे आहे. कॉफीचे फळ पोखरणारा हा काळा भुंगेरा तिळाहूनही लहान, दीडदोन मिलिमीटर लांबीचा असतो. फळाच्या शेंड्याला, जेथे फूल गळून पडल्याची खूण असते, तेथे टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडून मादी आत शिरते, बियांत बोगदे काढते आणि तेथेच अंडी घालते. पिल्लांत माद्यांची संख्या नरांच्या कितीतरी पट असते. नरांना उडताही येत नाही. भावाबहिणींचा समागम फळाच्या आतच उरकतो, आणि बाहेर पडणारी प्रत्येक मादी आधीच गर्भार असते. म्हणजे एका बियात एक मादी आली, तरी तिच्यापाठोपाठ सगळे कुळ आले. भारतात हा किडा प्रथम १९९० साली निलगिरीतल्या गुडलूर भागात आढळला, आणि आज तळावर पडलेले फळन् फळ वेचून काढणे हा कोडगू-चिक्कमगळूरच्या मळेवाल्याच्या खर्चाचा नित्याचा भाग होऊन बसला आहे.

खजिन्याच्या हिशेबात शंभर ग्रॅमचा अपराध हा शंभर किलोच्या अपराधाचा हजारावा भाग असतो, आणि म्हणूनच थोड्याला माफी असणे तेथे न्याय्य आहे. जीवसृष्टीच्या हिशेबात हे त्रैराशिक लागू पडत नाही, कारण तेथे मुद्दल स्वतःच वाढते. ‘थोडेसेच आहे’ हा युक्तिवाद पहिल्या धन्यापुढे रास्त आहे. दुसऱ्यापुढे तो निरर्थक आहे, आणि आपला प्रवासी तो नेमका दुसऱ्यापुढेच करतो.

गंमत अशी की, याचा सर्वांत बलवत्तर पुरावा आपण भक्तिभावाने सांगत आलो आहोत. सतराव्या शतकात चिक्कमगळूरच्या बाबा बुदान नामक सूफी संताने हजहून परतताना मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चंद्रगिरीच्या उतारावर लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगरांना आज त्यांचेच नाव आहे. सात बियांपासून एका देशाची लागवड उभी राहू शकते असे ज्याला वाटते, त्याने सात किड्यांपासून ती बसू शकते हे नाकारण्याला जागा राहत नाही.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप याच कथेतून निघतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. नियम पाळले असते तर भारतात कॉफी आली असती काय? ब्राझिलातील कॉफीही १७२७ साली फ्रान्सिस्को दे मेलो पाल्येता याने फ्रेंच गियानातून चोरूनच आणली असे सांगतात. गव्हर्नराच्या पत्नीने निरोपाच्या पुष्पगुच्छात बी लपवून दिले, असा या कथेला शृंगारही जोडलेला आहे. चोरी झाली म्हणून जग कॉफी पिते. मग आजच्याच चोराला सुळी का द्यावे?

उत्तराचे दोन भाग आहेत. मोखाच्या व्यापाऱ्यांची बंदी मक्तेदारीची बंदी होती. उकळलेले किंवा भाजलेले बीच बाहेर जाऊ द्यावे हा त्यांचा नियम बाहेरून पाहता हवाईच्या नियमासारखाच दिसतो, पण त्याचा हेतू आपला भाव टिकविण्याचा होता; परक्या शेताचे रक्षण करण्याचा नव्हता. अशी बंदी मोडणे हा पहिल्या धन्याविरुद्धचा अपराध होय, आणि त्याविषयी इतिहास उदार राहिला यात काही वावगे नाही. दुसरा भाग अधिक कडवट आहे. मूठभर बियांपासून जगभर पसरलेल्या अरेबिका कॉफीचे रक्तसंबंध इतके निकटचे राहिले की तिच्यात विविधता फारशी उरली नाही. एक झाड ज्याला बळी पडले त्याला मळाच्या मळा बळी पडला. तांबेऱ्याने सिंहलद्वीपात जो संहार केला, त्याचे एक कारण या रोमहर्षक चोऱ्यांच्या अपुरेपणातच होते. चोराने आणलेले दान मोठे असले तरी त्याला आधाराची दुसरी फांदी नव्हती.

दुसरा आक्षेप: रोग व किडी प्रवाशाच्या पिशवीतून येत नाहीत, त्या जहाजातून येतात. पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास प्रथम लक्षात आलेले गाजर गवत अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानतात. ते कोणा प्रवाशाने कनवटीला बांधून आणले नव्हते. हे मला मान्य आहे, आणि सरकारी धान्याच्या निष्काळजी आयातीचे हे पाप माळरानांवर आजही पांढऱ्या फुलांनी डोलत आहे. परंतु यावरून प्रवासी निर्दोष कसा ठरतो? जहाजाच्या मालाला मालक असतो, मूळ देशाचा वनस्पती-आरोग्य दाखला असतो, धुरी दिल्याची नोंद असते. काही विपरीत घडले तर माग काढता येतो. प्रवाशाच्या डब्याला यांपैकी काहीच नसते. त्याच्या सामानाचा एकमेव दाखला म्हणजे त्याचा शब्द, आणि तो शब्द खोटा असला की तपासाला धागाच उरत नाही. २००१ साली इंग्लंडात लाळ्या-खुरकुताची जी साथ पसरली, तिचा माग नॉर्थंबरलंडमधील एका वराहपालन केंद्रातील न उकळलेल्या खरकट्यापर्यंत लागला. बहुधा चोरट्या वाटेने आलेले मांस त्यात मिसळले होते. ते मांस कोणाच्या हातून आले ते कधीच निश्चित झाले नाही. साठ लाखांवर जनावरे मात्र मारावी लागली.

तिसरा आक्षेप देशाभिमानाचा आहे आणि तो आपल्याकडे टाळ्या घेतो: हे सारे श्रीमंत देशांचे संरक्षक कोट आहेत, रोगाचे नाव पुढे करून आमचा आंबा ते बाहेर ठेवतात. असा दुरुपयोग होतो, हे खरे आहे. म्हणूनच १९९५ पासून अमलात असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारात अशा निर्बंधांना शास्त्रीय आधार असला पाहिजे, अशी अट घातली गेली. पण हापूसचाच इतिहास पाहिला तर आक्षेप अर्धवट ठरतो. आंब्याच्या कोयीत राहणारा भुंगेरा बाहेरून दिसत नाही. फळ डागरहित, सुवासिक, देखणे असते, आणि आत पाहुणा असतो. लासलगावच्या केंद्रात चारशे ग्रेच्या मात्रेने विकिरण करून हा प्रश्न सोडविला गेला, तेव्हा २००७ साली अमेरिकेचे दार उघडले. युरोपीय संघाने २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीच्या कारणावरून हापूस थांबविला, आणि येथील तपासणी व प्रक्रिया सुधारल्यावर २०१५ च्या आरंभी बंदी उठवली. जी बंदी पुरावा दिल्यावर उठते, तिला निव्वळ ढोंग म्हणता येत नाही. आणि मुख्य गोष्ट ही की, लासलगावचा दाखला पेटीला असतो. आत्याने ट्रंकेत घातलेल्या डझनभर आंब्यांना तो नसतो.

आपल्या स्वयंपाकघरातील कोठीचेही असेच आहे. धान्यात पडणारा खापरा भुंगेरा मूळचा भारतीय उपखंडातला असे मानतात. त्याची केसाळ अळी पोत्याच्या शिवणीत, फळीच्या भेगेत शिरून अन्नावाचून दीर्घकाळ, कधी वर्षानुवर्षे, तग धरते. १९५३ साली तो कॅलिफोर्नियातील कोठारांत सापडला, तेव्हा गोदामेच्या गोदामे कापडाखाली झाकून विषारी वायूची धुरी देत ती मोहीम १९६६ पर्यंत चालवावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०२० साली तांदूळ, हरभरे, जिरे, धने यांसारखे जिन्नस प्रवासी सामानातून आणण्यास मनाई केली ती याच अळीच्या धास्तीने. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळीवर सिट्रस सायला हा कीटक पोसला जातो आणि तो मोसंबी-संत्र्यांच्या बागा मारणारा ग्रीनिंग रोग वाहून नेतो; नागपूरच्या बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही, न्यू जर्सीच्या सुनेला मात्र सांगावे लागते.

चौथा आक्षेप निराशावादी आहे. इतके करूनही किडा येतोच. मग खटाटोप कशाला? हवाईत मनाई असूनही २०१० साली कोना भागात बोर सापडला आणि २०२० साली तांबेरा आला. याला माझे उत्तर असे की, नाका हा किल्ल्याचा तट नव्हे. त्याचे काम वेळ मिळवून देण्याचे आहे, आणि शेतीत वेळ हे द्रव्य आहे. तांबेरा सिंहलद्वीपात १८६९ साली दिसला आणि ब्राझिलात १९७० साली. या शंभर वर्षांत म्हैसूर प्रांतात केंट जातीची निवड झाली, बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून एस. ७९५ ही जात निघाली, तिमोर बेटावर अरेबिका आणि रोबस्टा यांचा नैसर्गिक संकर सापडला, आणि पोर्तुगालात ओएरास येथे १९५५ साली केवळ या रोगाच्या अभ्यासासाठी केंद्र स्थापन झाले. ब्राझिलवर संकट आले तेव्हा त्याच्याशी झगडण्याची सामग्री शास्त्रज्ञांच्या हाती होती. सिंहलद्वीपातील मळेवाल्याच्या हाती गंधकाच्या भुकटीपलीकडे फारसे काही नव्हते. हे शतक समुद्राने दिले, कोणा कस्टम अंमलदाराने नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु विमानाने तो समुद्र आटवून टाकला आहे, आणि आता त्याची जागा घ्यावयास नाक्यावाचून दुसरे काही उरलेले नाही.

६. एक लहानसे उपप्रकरण: खसखस

दोन धनी म्हटले, तरी कधी कधी तिसराही डोकावतो. दिवाळीच्या फराळातील अनारशाच्या एका अंगाला खसखस लावलेली असते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस अमली पदार्थांच्या सदरात निषिद्ध आहे, आणि तिच्यापायी प्रवाशाला फौजदारीला तोंड द्यावे लागू शकते. आईने डब्यात कागद घालून रचून दिलेल्या अनारशांचा खजिन्याशी संबंध नाही, शेतीशी नाही; त्यांच्यासाठी तिसरीच वही उघडते. तेव्हा ‘खाण्याचा जिन्नस’ म्हणून जे एक सदर आपण मनात धरतो, ते नाक्यावरच्या कोणत्याच वहीत नसते, एवढे येथे दाखविले म्हणजे पुरे.

७. नाक्याने काय विचारावे

या दोन धन्यांची सरमिसळ केल्याचा सगळा दोष प्रवाशाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ती सरमिसळ शासनाने स्वतः केली आहे. न्यूझीलंडमध्ये विमानतळावर उतरल्याबरोबर पेट्या ठेवलेल्या असतात. विसरून आणलेले फळ त्यांत मुकाट्याने टाकावे, कोणी काही विचारीत नाही. जे जाहीर केले ते फार तर काढून घेतले जाते. जे लपविले त्याबद्दल जागच्या जागी चारशे डॉलर मोजावे लागतात. चिखलाचे बूटसुद्धा जाहीर करावे लागतात. तेथे दंड अप्रामाणिकपणाला आहे, वस्तूला नाही, आणि प्रवाशाला ते कळतेही, कारण जो प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारला जातो तो जिवंत वस्तूंविषयीचा असतो.

आपल्याकडे १९१४ पासून विनाशकारी कीटक व रोगांसंबंधीचा कायदा आहे, २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहे, आणि १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ७७ व्या कलमान्वये प्रवाशाने आपले सामान जाहीर करावयाचे असते. कायद्याची उणीव नाही. उणीव विचारण्याची आहे. काही वर्षे देशात येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला जो अर्ज भरावा लागे, त्यात सोने व चलन यांच्याबरोबरच बियाणे, रोपे, फळे, मांस, दुग्धजन्य पदार्थ यांचीही पृच्छा होती. २०१६ पासून, ज्याच्यापाशी जाहीर करण्याजोगे काही नाही त्याला हा अर्ज भरण्याची गरज उरली नाही. खजिन्याच्या दृष्टीने ही सुधारणा स्तुत्यच होती. प्रामाणिक माणसाचा त्रास तिने वाचविला. पण त्या कागदाबरोबर दुसऱ्या धन्याचा प्रश्नही गेला. आता हिरव्या मार्गाने चालत जाणारा मनुष्य स्वतःच्या मनाशीच ठरवितो की आपल्यापाशी जाहीर करण्याजोगे काही नाही, आणि हे ठरविताना तो सोन्याचा विचार करतो, बियाचा करीत नाही. येमेनहून किंवा इथिओपियाहून हौसेने आणलेले अर्धा किलो हिरवे बी त्याच्या लेखी अत्तराच्या बाटलीहूनही निरुपद्रवी असते.

माझी सूचना दोन्ही बाजूंनी आहे. खजिन्याच्या धन्याने आपला हात आखडता घ्यावा. घरगुती सामानाच्या माफीची रक्कम उदार असावी, आपोआप महागाईबरोबर वाढावी, आणि जुन्या घड्याळाच्या पावत्या मागण्याचा क्षुद्रपणा बंद व्हावा. तेथे जे उत्पन्न बुडेल त्याहून अधिक विश्वास पदरात पडेल. याउलट शेतीच्या धन्याने आपला एकच प्रश्न प्रत्येकाला, अर्जाशिवाय आणि तोंडी, प्रवाशाला समजेल त्या भाषेत विचारावा: पेरले तर उगवेल असे काही आहे काय? या प्रश्नाला “आहे” म्हणणाऱ्याला दंड नसावा, रांगेत ताटकळणेही नसावे. प्रश्नाच्या नेमकेपणाने कीटक पकडला जाईलच असे नाही, कारण खापऱ्याला उगवणाऱ्या दाण्याचीच गरज असते असे नाही. पण हरभऱ्यापासून कॉफीपर्यंत बहुतेक जोखमीच्या जिन्नसांवरचे झाकण या एका प्रश्नाने उघडते.

आणि प्रवाशाने? भाजलेली कॉफी हवी तेवढी आणावी. तिच्यावर कर लागत असेल तर तो द्यावा, न द्यावासा वाटला तर लोकप्रतिनिधीशी भांडावे, आणि ते भांडण सर्वस्वी सभ्य आहे. कच्च्या बियाचा मोह झाल्यास मात्र परवाना, दाखला आणि विलगवास यांचा रूक्ष मार्गच धरावा, कारण लागवडीचे बी संशोधन संस्थांमार्फत याच मार्गाने येते आणि महिनोन् महिने काचेच्या घरात नजरेखाली वाढते. बाबा बुदानांना हा मार्ग उपलब्ध नव्हता. आजच्या प्रवाशाला तो आहे.